गेरूचा सात

भंडारा, गुरुवार, १४ डिसेंबर १९७८

नखातला गेरू अजून निघत नाही. कॉलेजने आम्हाला इथल्या जुन्या घरांची नोंद करायला पाठवलं, आणि मोजायच्या घरांवर सोमवारी मीच गेरूने आकडे टाकले. कुणाला विचारलं? कुणालाच नाही.

आज टेप घेऊन सात नंबरच्या घरी गेलो, तर ओसरीचे कोरीव सागवानी खांब करवतीने कापलेले. घर पितळी भांडी घडवणाऱ्या म्हाताऱ्या काकांचं.

"काहून कापले?" मी ओरडलोच.

"तुमीच तं नंबर टाकला ना बाबू? मागं रस्ता रुंद केला, तवाबी असाच गेरूचा नंबर टाकला अन् घरं पाडली. म्हटलं, आपणच काढून घेऊ. लाकूड तं हाती राहीन."

सरळ लाकूड त्यांनी रचून ठेवलंय. कोरीव तुकडे बिनकामाचे, म्हणून चुलीत. त्यावरच मला चहा करून दिला. आणि मी तो प्यालो!

मग ओलं फडकं घेऊन बाकीचे आकडे पुसायला धावलो. चुन्याच्या भिंतीवरचा गेरू पसरतो, निघत नाही. नऊ नंबरच्या दाराशी पोचलो, तेव्हा आतून करवतीचा आवाज येत होता.