यंदा तरंग कोण धरणार

१६ सप्टेंबर
सकाळी पोदेराचा भोंपू वाजला. पाव संपतील म्हणून ताडकन उठलो तो थेट जनेलावर, खिडकीच्या चौकटीवर. खांद्यावर निभावलं. नलू पिठाच्या हातांनी धावली. आधी धरलं, मग झापलं, "लग्नातसुद्धा असेच धडपडला होतात!" बायको आहे की पोलीस.
काठी कोपऱ्यात आहे. घेणार नाही. काठीवाला दसऱ्याला देवाचं तरंग, साड्या नेसवलेला तो उंच दांडा, उचलणार, हे गावात कोण मानेल? बाबांनंतर तो मान माझा.

१९ सप्टें.
म्हापसा, इस्पितळ. व्यायाम शिकवणारी पोरगी कडक. अंगठा समोर, नजर अंगठ्यावर, मान डावी-उजवी. पोरखेळ वाटला. ओकारी आली. म्हणते, एप्रिलमध्ये झटका बसला तो मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या भागालाच, मेंदू हळूहळू शिकेल. विचारलं, दसऱ्यापर्यंत? "दसऱ्याला काय आहे, आजोबा?" सांगितलं नाही. आजोबा म्हणे!
डॉक्टर वेगळं बोलले. रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, डोक्यावर पडलात तर आत रक्तस्राव होईल, मग आमच्या हातात काही नाही. नलूनं ऐकलं. बसमध्ये घरापर्यंत माझी बाही सोडली नाही.

२४ सप्टें.
मोप्याच्या विमानतळावरचं विमान डोक्यावरून गेलं. वर बघितलं मात्र, माड, घर, आभाळ सगळं गरगरा. अळवात बसलो. तरंग धरताना नजर शेंड्यावर ठेवावी लागते, तर ते सरळ राहतं. मी वर बघू शकत नाही, आणि न बघता...

२७ सप्टें.
धाकटा भाऊ आला. बाळा. पेज जेवला, घुटमळला, मग म्हणाला, "दादा, यंदा मी धरतां तरंग."
मी म्हटलं, "मी मेल्यावर धर!"
तो गेला. नलू भांडी आवरता आवरता म्हणाली, "मेल्यावर म्हणजे दसऱ्यालाच ना?"

१ ऑक्टोबर
रात्री कूस बदलली आणि खाट उलटली असं वाटलं. गादी घट्ट धरून पडलो. भीती वाटली. लिहून टाकतो एकदा, फार भीती वाटली. तरंग हातातून पडलं तर देव पडला म्हणतील. मी पडलो तर नलू एकटी.
ठरलं. घटस्थापनेला देवळात जाऊन गांवकाराला, देवळाच्या मुख्य मानकऱ्याला, सांगायचं, बाळा धरील.

३ ऑक्टो.
काय होऊन बसलं हे.
गेलो सांगायलाच. आरती, ढोल, घंटा, गर्दी. प्रदक्षिणेत वळलो आणि जमीन डावीकडे सरकली. खांबाला मिठी मारली, सगळं अंग लटलटत होतं. कुणीतरी ओरडलं, "अवसर इलो रे! देव इलो!" कुणी पायांवर पाणी ओतलं. बायका हात जोडून. मला नुसतं खाली बसायचं होतं. जीभ उचलेना.
गांवकार म्हणाला, "दसऱ्याआधीच देवान सांगलां. तरंग ह्याच हातीं."
थोड्या वेळानं जीभ सुटली होती. तरी बोललो नाही. का? एप्रिलपासून सगळे माझ्याकडे बिचारा म्हणून बघतात. आज तेच लोक हात जोडून उभे होते. बरं वाटलं मला. शिंचा मी.

४ ऑक्टो.
नलूला सांगितलं. कपाळावर हात मारला तिनं. "आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा, ती भोवळ होती!"
"देवाला खोटं पाडू?"
"देवाला नाही, तुम्हाला."
चक्कर दिवसभर. आणि एक किडा डोक्यात शिरलाय. आधी दर दसऱ्याला तरंग धरून अंगात यायचं तेव्हाही जमीन अशीच सरकायची. मग ते तरी...
नको.

८ ऑक्टो.
मागीलदारी बांबूला नलूची जुनी साडी बांधून उचलला. बाळाला बोलावलं नव्हतं, आपणच आला, मागे उभा राहिला. समोर फणसाच्या बुंध्यावर नजर ठेवली तर उभा राहतो. शेंड्याकडे बघितलं, गेलो. त्यानं कमरेला धरून झेललं. बांबू केळीत.
मी चिडलो, हसलोही. तो म्हणाला, "दादा, मान तुझोच. माका फक्त तुझी काळजी."

११ ऑक्टो.
गांवकाराकडे गेलो. काठी घेऊन, दिवसाढवळ्या. बघू दे गावाला. सगळं सांगितलं. देव नव्हता, भोवळ होती, माझं आजारपण होतं.
म्हातारा सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "भोवळ म्हणतंस. बरां. पण त्या दिसा ती तुका घरात, वाटेर खंयच येवक नाय. तू नाय म्हणूक इलंस आणि देवाच्या खांबाकडेच इली. ती कोणी धाडली?"
मला काय माहीत?
"माकाय ठावक नाय," म्हणाला. "उद्या तूच ठरय. तू सांगशीत तां गाव मानतलो."
सुटेन म्हणून गेलो होतो, ओझं घेऊन आलो. नलूनं विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, उद्या बघू. ती जेवली नाही.

१२ ऑक्टो. दसरा
गोळ्या घेतल्या. अंगठ्याचा व्यायाम केला. सोवळं नेसलो, शेला नलूनं बांधला. डोळे सुजलेत तिचे. चक्कर आहे, थोडी.
बाळा दारात उभा आहे. सोवळं नेसून, कमरेला शेला. गाठ नलूच्याच हातची, तिची गाठ मी कुठेही ओळखीन. काठी त्याच्या हातात आहे, माझ्यासाठी आणलेली.
तरंग त्याच्या हाती की माझ्या, ते देवळात मीच सांगायचं. ढोल सुरू झाला. उठताना आधी एका जागी नजर ठेवायची असते.
ठेवली. उठतो.