कुलरच्या शेडमधल्या लाल चिठ्ठ्या

सिंदी मेघे, १४ डिसेंबर

सकाळी थंडी होती. शेड उघडलं. दोन टाक्यांचे पत्रे वाकवले. दुपारी लाईट गेली, चहाच्या वेळी आली. नत्थू आणि प्रेमदास काम आटोपून आत्ताच घरी गेले.

चि. इला हिला अच्युतकाकाचे आशीर्वाद. तुझा खोकला थांबला असेल. माझी काळजी करू नको, डबा वेळेवर येतो.

दिवाळीत तू शिकवून गेलीस ते लीन, म्हणजे कारखान्यातलं बिनकामाचं काढून टाकायची तुमची पद्धत, आम्ही मनापासून सुरू केलं. महिनाभर हात लागला नाही त्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधायची, आणि पुढच्या महिन्यातही लागला नाही तर ती शेडबाहेर काढायची, एवढं नत्थूला नीट समजलं. फक्त आपला धंदा कुलरचा आणि दिवस हिवाळ्याचे, हे तुझ्याही लक्षात आलं नाही, माझ्याही. दोन दिवसांत मोटारी, पंखे, जाळ्या, गवताचे गठ्ठे, सगळं लाल झालं. समोरचे किराणावाले लक्ष्मणराव दारातून म्हणाले, "काऊन जी, शेडात लगन हाये का?" नत्थू उरलेली चिठ्ठी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "काकाजी, तुमाले बी बांधू का? तुमी बी कवापासून बसूनच राह्यले." (खरंच होतं, म्हणून रागावलो नाही.)

भिंतीवर अवजारं टांगायच्या जागी त्यांच्या आकृत्या प्रेमदासने रंगवल्या. (त्याच्या डब्याचीही आहे.) या आकृत्यांचा मात्र खरा फायदा झाला, कोणत्याही छोट्या कारखानदाराला सांगावा असा. पाना आता लगेच सापडतो. पूर्वी मी तुझ्या काकूला हाक मारायचो. सुलोचना दारापाशी स्टुलावर बसून जाळीत गवत भरता भरता, मान वर न करता म्हणायची, "तुमच्याच खिशात पाहा." बहुतेक वेळा तिथेच असायचा. (कधी कधी माहीत असूनही विचारायचो.) श्रावणात ती गेली. आता पाना भिंतीवर दिसतो, कोणाला विचारावं लागत नाही.

बाकी ठीक.

तुझा,
अच्युतकाका

ता. क. चिठ्ठ्या संपल्या आहेत. नवीन पाठवू नको.

आणखी एक. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. तिच्या स्टुलाला चिठ्ठी बांधायला दोघंही तयार नव्हते. नत्थू म्हणाला, "काकूच्या स्टुलाले मी हात नाई लावत." नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मीच बांधली. उद्या चिठ्ठीला महिना भरतो, स्टूल बाहेर जायला हवं. मघाशी ते दोघं गेल्यावर मी त्यावर बसून एक जाळी भरली. गवत एकाच कोपऱ्यात गोळा झालं. काकूने उसवून परत दिली असती. तुमच्या लीनमध्ये याला वापर म्हणतात का, ते कळव. मी तर चिठ्ठी सोडली. आता पाकीट बंद करून दुसरी जाळी भरायला घेतो.