हॉथर्नबेकचा उजवा सिग्नल

४ मार्च १९८६, मंगळवार
आज इतिहास घडला, आणि तोही आमच्या न्हाणीघरात. जुन्या बाजारात मिळालेल्या काचेच्या निगेटिव्हवरून मी स्वतः फोटो छापला. हॉथर्नबेक स्टेशन, १९१२. सिग्नलचा हात खांबाच्या उजवीकडे! आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात, म्हणून सिग्नलचे हातही खांबाच्या डावीकडे. सगळ्यांचे. उजवा आजवर कुणी पाहिलेला नाही. मी पाहिला.
निश्चय: माझं हॉथर्नबेकचं मॉडेल या फोटोबरहुकूम, खिळ्याखिळ्यापर्यंत अचूक. ऑक्टोबरच्या प्रदर्शनापर्यंत कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. एनिडलाही नाही. बायको चांगली आहे, पण तोंडात तीळ भिजत नाही.

११ मार्च, मंगळवार
मॉडेल रेल्वे क्लबात नॉरिस पाइलने खांद्यावरून फोटोत डोकावलं. म्हणाला, क्लिफर्ड, थांब जरा, हे बघ... मी फोटो झटकन सँडविचच्या डब्यात टाकला. वीस वर्षांची मैत्री, पण डोळ्यांतली हाव लपत नाही. फोटोवर लोणचं सांडलं. दोष पाइलचा.

१५ मार्च
पाइलचं पत्र. उघडलं नाही. शोधात भागी मागत असणार. उघडलं तर उद्या म्हणेल, मीच आधी सुचवलं होतं. नगरपालिकेत एकतीस वर्षं फायली सांभाळल्यात, मला शिकवतो! नवीन फोल्डर केला. वर लिहिलं, ‘पाइल: पुरावे’. पत्र आत.

२ एप्रिल
भिंगाखाली चार तास. स्टेशनमास्तरचं पदक छातीच्या उजव्या बाजूला. हमालाच्या कोटाची बटणं बायकांच्या कोटासारखी. झाडूवाला डावखुरा, झेंडेवालाही डावखुरा.
निष्कर्ष: हॉथर्नबेकचा सगळा स्टाफ डावखुरा होता! म्हणूनच सिग्नल उजवा. धागा जुळला.
एनिडने विचारलं, आणि बटणांचं काय? म्हटलं, १९१२ साल होतं. ती भांडी घासायला गेली.

१९ मे
चर्चचा मनोरा आज ओढ्याच्या डावीकडे आहे, फोटोत उजवीकडे. मधल्या काळात चर्च हलवलेलं दिसतं. गावकरी याबद्दल बोलत नाहीत. संशयास्पद. त्यावर वेगळा लेख.

८ जुलै
पाइलचा फोन. एनिड त्याच्याशी वीस मिनिटं बोलली. मग म्हणाली, अरे, नॉरिसचं एकच म्हणणं आहे, तेवढं तरी ऐकून घे. मी गार्डची शिट्टी वाजवली. तिसऱ्या शिट्टीला ती म्हणाली, ठीक आहे, आता स्वयंपाकही शिट्टीनेच कर.

११ जुलै
तिसऱ्या दिवशीही टोस्टवर डब्यातले बीन्स. संशोधकाला हे चालायचंच.

२३ सप्टेंबर
कहर! पाइल वृद्धाश्रमातून बाहेर पडताना दिसला. तिथे वॉल्टर सग्डन राहतात, वय एक्क्याण्णव. शिडी चढून हॉथर्नबेकच्या सिग्नलच्या दिव्यांत तेल घालायचं काम त्यांच्याकडे होतं. शेवटचा जिवंत साक्षीदार, आणि पाइल त्याला आल्याच्या बिस्किटांवर फोडतोय!

२४ सप्टेंबर
मी फ्रूटकेक घेऊन गेलो, मॉडेलचं सांगितलं. सग्डन म्हणाले, पोरा, माझी शिडी एकदा दाखव, मग मी जायला मोकळा. मला सहासष्टाव्या वर्षी पोरा म्हणणारं आता दुसरं कोण उरलंय! गलबलून आलं. दाखवतो म्हणून शब्द दिला. मग त्यांच्याकडून गुप्ततेची शपथ घेतली. त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा नक्की कशाची शपथ घेतली, देव जाणे.

१८ ऑक्टोबर, शनिवार. प्रदर्शन
सकाळी दहाला कापड ओढलं. समोर परीक्षक, सगळा क्लब, आणि चाकाच्या खुर्चीत सग्डन. खुर्ची ढकलायला अर्थात पाइल. म्हाताऱ्याने पुढे वाकून मॉडेल पाहिलं. मग मोठ्याने म्हणाला, हे कुठलं स्टेशन? म्हटलं, हॉथर्नबेक! हॅट, म्हणाला, माझ्या शिडीच्या डाव्या हाताला ओढा होता. हे सगळं उलटं आहे. माझं स्टेशन कुठंय?
हॉल हसला. परीक्षकसुद्धा. पाइल तेवढा बुटांकडे बघत होता.

त्याच दिवशी, दुपारी चार
फोल्डर सोबत नेला होता, पाइलला उघडं पाडायला. कोट ठेवायच्या खोलीत बसून पत्र उघडलं.
‘क्लिफर्ड, काच पालथी ठेवून छापलीस. उलटून बघ. कुणाला बोललो नाही, बोलणार नाही. रविवारी येतो, दोघं मिळून नीट छापू. नॉरिस.’
चौदा मार्चची तारीख.

१९ ऑक्टोबर, रविवार
जाणार नव्हतो. एनिडने कोट हातात दिला, म्हणाली, म्हाताऱ्याला शब्द दिलायस.
हॉलमध्ये नॉरिस आपल्या कपाटाचा आरसा घेऊन उभा. सग्डनची खुर्ची मॉडेलकडे पाठ करून लावली आणि समोर आरसा धरला. आरशात सगळं सुलट. ओढा डावीकडे, सिग्नलचा हातही डावीकडे, जगातल्या बाकी सगळ्या सिग्नलांसारखा. सग्डननी काचेवर बोट ठेवलं. म्हणाले, इथून. इथून चढायचो मी, पहाटे, थंडीत. आणि रडले. मीही रडलो. हॉलमध्ये धूळ फार होती, असं लिहिणार होतो. नव्हती.
नॉरिसचे हात भरून आले तेव्हा म्हटलं, दे, मी धरतो. तो म्हणाला, धर, पण पालथा धरू नकोस. पाच वाजेपर्यंत धरून उभा होतो.
घरी येऊन फोल्डर काढला. वरचं ‘पाइल’ खोडून माझं नाव घातलं. आतलं पत्र तेच ठेवलं.