वहिनी, तुझं नाव मी दिलंच नव्हतं

प्रिय वहिनी,

आज दुपारी मी तुझ्या कुंदाशी खोटं बोलले. तुला जाऊन तीन वर्षं झाली. तुझ्या लेकीने तुझ्याबद्दल साधा एक प्रश्न विचारला, आणि मला त्याचं खरं उत्तर देता आलं नाही. ती गेल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला 'तू' म्हणतेय. घरात मी तुला जन्मभर 'तुम्ही' म्हटलं. मोठी जाऊ ना तू! पण पाण्यात मात्र पहिल्या दिवसापासून 'तू'. आठवतं? पोहण्याच्या टँकच्या उथळ बाजूलासुद्धा माझे पाय टेकेनात, आणि मी तुझ्या गळ्याला मिठी मारून ओरडले होते, "वहिनी, तुम्ही मला सोडू नका हो!" तू खदाखदा हसलीस. "पाण्यात तू म्हणजो वं. तुम्ही तुम्ही करेपर्यंत बुडशीन!" आज जे सांगायचं आहे ते घरातल्या भाषेत सांगताच येणार नाही.

कुंदा हुडकेश्वरहून मुद्दाम पेढे घेऊन आली होती. शेहेचाळिसाव्या वर्षी तिची काकू राज्याच्या पोहण्याच्या स्पर्धेत पहिली आली, याचं तिला कोण कौतुक! येत्या रविवारी टँकवर माझा सत्कार आहे. पेढा भरवता भरवता ती म्हणाली, "काकू, आई तर रोज तुमच्याबरोबर यायची ना? मग ती एकदाही शर्यतीत कशी उतरली नाही?"

मी म्हटलं, "तिचे गुडघे दुखायचे गं."

तुझे गुडघे! टँकच्या काठावरून धप्पकन उडी मारणारे, दोन-दोन पायऱ्या सोडून जिना चढणारे तुझे गुडघे!

खरं तर पोहणं सुरू झालं ते माझ्या पाठीमुळे. धाकट्याच्या वेळचं दुखणं काही केल्या जाईना, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोहा. सासूबाईंना वाटलं डॉक्टरच्या डोक्यावर परिणाम झालाय. जुन्या महाल वस्तीतल्या घरची सून पोहायला जाणार? शेवटी बायकांच्या वेळेत जायचं आणि सोबत मोठ्या सुनेने जायचं, यावर तडजोड झाली. तू माझी राखण करायला आलीस, वहिनी. आणि तुझं सगळं लहानपण गावच्या विहिरीत गेलेलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती तुझ्या. कुणी विचारलंच नव्हतं.

आपले पोहण्याचे पोशाख तूच मशीनवर शिवलेस. काळं पॉपलीन, खाली घेर. आरशात बघून म्हणालीस, "हे घालून मी भाकरीच्या टोपल्यावानी दिसून राहिली." आणि मग तू पाण्यात गेलीस. मान वर, हात जोरात आपटत, चारी बाजूंना पाणी उडवत! काठावरच्या शिकलेल्या बायका हसल्या. पण तू पलीकडच्या भिंतीला हात लावून वळलीस तेव्हा त्या हसायच्या थांबल्या होत्या.

वर्षभरात मला पोहता यायला लागलं. पुस्तकात पाहून मी श्वास घ्यायची पद्धत शिकले, पाय सरळ ठेवायला शिकले. दिसायला मी तुझ्यापेक्षा छान पोहायचे. तरी रोज भिंतीला आधी हात तुझा लागायचा. रोज, वहिनी! एक दिवस नाही चुकला.

आता जे लिहिते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

घरात मी कायम तुझ्यामागे होते. पाहुणे तुझ्या हातचं मागायचे. सासूबाई दुखणं तुला सांगायच्या. माझी स्वतःची मुलं पडली की तुझ्याकडे धावायची. मी बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी, आणि तू दुसरी पास. तरी घर तुझ्याभोवती फिरायचं. तू कधी मिरवलं नाहीस, तोरा दाखवला नाहीस. तेच तर मला जास्त लागायचं. पाण्यात तरी मी पुढे असावं असं वाटायचं, आणि तिथेही तूच.

मग टँकवाल्यांनी तीस वर्षांवरच्या बायकांची शर्यत ठेवली. मी दोन फॉर्म आणले. तू कणीक मळत होतीस. हात पुसून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत सही केलीस. कागदाला कणीक लागली. "माह्यं बी नाव टाकजो वं सुमन. म्हातारी झाल्यावर नातवाइले सांगाले होईन."

टँकच्या ऑफिसात मी एकच फॉर्म दिला.

दुसरा माझ्या पर्समध्येच होता. फॉर्म घेणाऱ्या बाबूने विचारलं, "एकच का?" मी म्हटलं, "हो, एकच." शब्दसुद्धा नाही अडखळला. घरी येऊन तुला सांगितलं की काल शेवटची तारीख होती, माझाच कसाबसा घेतला. तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. "असं काय? मंग राहू दे. तू आहे ना!" आणि भाजीला फोडणी घालायला वळलीस.

तुझा फॉर्म मी आंघोळीच्या बंबात टाकला. कणकेचा डाग असलेला कोपरा सगळ्यात शेवटी जळला.

शर्यतीच्या सकाळी काठावर सगळ्यांत मोठा आवाज तुझा होता. पदर खोचून तू माझ्याबरोबर काठाकाठाने धावत होतीस. "मार हात! मार वं सुमन! मांगं पाहू नको!" मी हातभर अंतराने जिंकले. मला पाण्यातून वर ओढलंस ते काखेत हात घालून, लहान पोराला काढावं तसं. तुझं लुगडं चिंब झालं. चांदीच्या रंगाचा तो छोटासा कप मला हातात धरवेना.

आणि नंतर काय थाट केलास! सायकलरिक्षात मला बसवलंस, कप माझ्या मांडीवर ठेवलास, आणि महालात शिरल्यावर रिक्षा दर दुकानाशी थांबवलीस. कापडवाला, किराणावाला, चष्मेवाला, एक सोडला नाहीस. "आमची सुमन पयली आली! तीस वरसावरच्या बायाइत पयली!" दारात ओवाळलंस. संध्याकाळी अख्ख्या गल्लीला कोथिंबिरीच्या सांबारवड्या खाऊ घातल्यास. सासूबाईंच्या हातात कप देऊन म्हणालीस, "पहा तं खरं, तुमच्या सुनेनं काय आणलं!" त्या दिवशी पहिल्यांदा सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी रडायला लागले. सगळे म्हणाले, आनंदाचे अश्रू आहेत. तूसुद्धा म्हणालीस.

पुढच्या वर्षी पाण्यात असताना मी तुला विचारलं होतं, मला तेवढं तरी आठवू दे. "यंदा तुझं नाव देऊ?" तू म्हणालीस, "नको वं. गुडघे दुखून राहिले." मला बरं वाटलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी विचारलं नाही. अमरावती, अकोला, पुणे, मी जात राहिले, जिंकत राहिले. टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन तू काठावर. पेपरात माझं नाव आलं की कात्रण कापून तू डब्यात ठेवायचीस. ते वाचायला तुला कुंदा लागायची.

मग तुझी कावीळ. एवढी धडधाकट बाई तीन आठवड्यांत पिवळ्या पानासारखी झालीस. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून होते. एका दुपारी खोलीत आपण दोघीच होतो. आता सांगायचं, असं ठरवून मी तुझा हात धरला. "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय." तू डोळे उघडलेस. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली. ती गेल्यावर तू विचारलंस, "काय म्हणून राहिली होती वं?" मी म्हटलं, "काही नाही, मोसंबीचा रस देऊ का?"

विचारलं होतंस तू. माझ्यासमोर दार उघडं केलं होतंस. मी मोसंबी सोलत बसले.

तू गेल्यावर महिनाभराने मी टँकवर गेले. बायकांच्या खोलीची किल्ली सांभाळणारी सोनाबाई माझ्याजवळ बसून खूप रडली. मग म्हणाली, "मोठ्या बाई लय चांगल्या होत्या. त्या पयल्या शर्यतीच्या टायमाले आल्या होत्या ना इथं, एकल्याच."

"कशाला?" मी विचारलं.

"फारम विचाराले. बाबूले म्हने, एखादा दिवस उशीर झाला तं चालते काय? बाबू म्हने, उशीर कायचा बाई, आणखी चार दिवस आहेत, भरा ना. तं उगीच उभ्या राहिल्या. मी म्हनलं, काय झालं वं बाई? तं म्हने, राहू दे सोनाबाई. सुमनले लय हौस आहे."

सोनाबाईला त्यात काही कळलं नव्हतं. त्या दिवशी मी पाण्यात न उतरताच घरी आले.

म्हणजे तुला माहीत होतं! काठाकाठाने धावत होतीस तेव्हा माहीत होतं. मला पाण्यातून वर काढलंस, ओवाळलंस, दुकानादुकानांतून सांगत गेलीस, तेव्हाही. आणि गुडघे दुखतात म्हणालीस तेव्हा तर तू मला वाचवत होतीस.

काहून गं वहिनी? काहून नाही बोललीस? एकदा माझा हात धरून विचारायचं होतंस, "सुमन, माह्या फॉर्मचं काय केलं?" मी तिथल्या तिथे पाय धरले असते. चार दिवस रुसली असतीस, घर डोक्यावर घेतलं असतंस, तरी चाललं असतं! तू क्षमा केलीस, पण मला सांगितलंच नाहीस. मागितल्याशिवाय मिळालेल्या क्षमेचं माणसाने करायचं तरी काय? रागावू नकोस, पण या एका गोष्टीचा मला तुझा राग येतो.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी उठले, आणि शाळेत न जाता हुडकेश्वरला गेले.

कुंदा अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. फॉर्म, बंब, दवाखाना, सोनाबाई. शेवटी म्हणाली, "काकू, आई खरंच जिंकली असती?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. चांगली दोन हात पुढे राहिली असती."

ती उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग चहा घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला. स्वतःसाठी आणला नव्हता. म्हणाली, "काकू, तुम्ही आता जा. रविवारी मी येईन की नाही, ते मला नाही सांगता येत."

चहा मी तसाच ठेवू शकले नाही, वहिनी. पोळत होता तरी प्याले. तुझ्या लेकीने केलेला होता.

ती माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, ठाऊक नाही. नाही बोलली तर तिचं चूक नाही. घरच्यांचं तोंड कसं होईल तेही माहीत नाही. हे म्हणतात, "झालं गेलं, आता कशाला उकरतेस?" त्यांना मी एवढंच म्हटलं की ज्यांचं गेलं त्यांनी असं म्हणावं, आपण नाही.

रविवारी माझ्या गळ्यात हार घालतील आणि दोन शब्द बोला म्हणतील. मी तुला वचन देते. त्या माइकवरून मी तुझं नाव घेईन, पूर्ण नाव, वच्छला. त्या टँकवर आजवर तुला कुणी नावाने हाक मारलीच नाही. तू नेहमी 'सुमनताईंच्या सोबतच्या बाई' होतीस. पहिल्या शर्यतीत खरं पहिलं कोण आलं असतं, आणि ती पाण्यात का उतरू शकली नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगेन. कुंदा समोर असो की नसो. लोक उठून जातील. तरी सगळं सांगून होईपर्यंत मी खाली बसणार नाही.

तुझी,
सुमन