दारावरच्या फुलाची उरलेली अर्धी ओळ

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा पूर्वी इमारतींच्या बाहेरच्या भिंती ठोकून तपासण्याचा, सध्या खिडकीत बसण्याचा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कान तर त्याहून ठिकाणावर आहेत, आणि पुढची व्यवस्था मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली करत नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे बायकोच्या नावे होते. तिने पुढे जाऊन तो कागद निकालात काढला. तो रद्द समजावा.

कलम १. राहते घर. तिसऱ्या मजल्यावरचे, मुख्य दाराच्या वरच्या अंगाचे हे घर माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या मुलीकडे जावे. ती दातांची डॉक्टर आहे. लोक हळहळतात की माझा धंदा कोणी पुढे चालवला नाही. चालवला की! तीही बारीक दांडीने ठोकते आणि विचारते, "इथे दुखतं? की इथे?" भिंतीला असे विचारता येत नाही, एवढाच काय तो फरक. घर विकायचे झाल्यास माझी हरकत नाही. मात्र न्हाणीघरातली दारापासूनची तिसरी फरशी पोकळ वाजते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. हातोडी. ही लहान, लाकडी दांड्याची हातोडी माझ्या हाताखाली शिकलेल्या आणि आता स्वतः तपासनीस झालेल्या गड्याला द्यावी. त्याला मी पहिल्या दिवसापासून लंबू म्हणत आलो. त्याची सही आता सरकारी कागदावर चालते, तरी मला फोनवर "बोला उस्ताद" असेच म्हणतो.

हातोडीबरोबर तिची रीतही द्यायची आहे, म्हणून लिहितो. शाळेत आमचे गुरुजी कविता शिकवताना डस्टरने टेबलावर ठेका धरत, आणि बाकांवर आमची बोटे चालत. पुढे मी दोरांवर लोंबणाऱ्या पाळण्यात बसून भिंती ठोकू लागलो, तेव्हा एवढ्या मोठ्या भिंतीवर आपण कुठे होतो हेच विसरायला होई. मग मी पाठ कविता म्हणू लागलो. एक अक्षर, एक ठोका. ओळ संपली की पाळणा हातभर खाली आणि पुढची ओळ. गिलावा भिंतीला धरून असला की टणक आवाज येतो, सुटला असला की भद्द वाजतो. भद्द वाजले की कविता थांबवायची, खडूने गोल करायचा आणि त्याच अक्षरापासून पुढे. अडतीस वर्षांत भिंतीचा एकही हात ठोकायचा राहिला नाही. आजही एखाद्या इमारतीवरून गेलो की मला तिचा नंबर आठवत नाही, कविता आठवते. पाण्याच्या टाकीशेजारची ती पिवळी इमारत पाखरांच्या कवितेची. जुन्या छापखान्याची भिंत एवढी सुटली होती की सहा कडव्यांना तीन दिवस लागले.

कलम ३. शिडी आणि चौथीचे पुस्तक. माझी घडीची शिडी धाकट्या भावाला द्यावी. अट एकच. चौथीचे कवितांचे पुस्तक त्याने आधी परत करावे. ते आम्हा दोघांत एक होते, आणि वेगळे राहायला जाताना त्याने नेले ते नेलेच. मी एकदा त्याच्याकडे गेलो तर पुस्तक डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली!

"दादा, तुला सगळं पाठ आहे ना? मग पुस्तक कशाला?"

"पाठ आहे म्हणूनच हवंय. कुठे कुठे चुकत आलोय ते बघायचंय."

"आता या वयात?"

"मग कोणत्या वयात?"

त्यावर भावजयीने चहा आणला आणि विषय बदलला. कपाट अजून डुगडुगत नाही, असे कळते.

कलम ४. फूल. हे कलम देण्याघेण्याचे नाही, कबुलीचे आहे.

आमच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, माझ्या खिडकीला लागून आणि मुख्य दाराच्या थेट वर, गिलाव्यात घडवलेले एक फूल आहे. परातीपेक्षा मोठे. दर दहा वर्षांनी बाहेरच्या भिंतींची तपासणी सक्तीची आहे. मागची नऊ वर्षांपूर्वी झाली, तपासायला लंबूच होता. त्या वेळी आमची ही पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. दिवसभर तिला एवढी एकच खिडकी होती. फुलाला खोट निघाली असती तर परांची उभी राहिली असती, हिरवी जाळी वरपासून खालपर्यंत आली असती, आणि चार महिने खोलीत हिरवट अंधार. तिच्याजवळ चार महिने नाहीत, हे मला माहीत होते.

लंबूने खालून हाक मारली, "उस्ताद, फूल राहिलंय. पाळणा तिकडे घेऊ का?"

मी खिडकीतून म्हणालो, "नको. मी ठोकून बघितलंय. ठणठणीत आहे."

हे अर्धे खरे होते. खिडकीतून वाकून हात लांब केला की फुलाच्या मधल्या बोंडापर्यंत हातोडी पोचते. तिथवर खरोखरच ठणठणीत. अर्धी ओळ म्हणून झाली. पलीकडची, औषधाच्या दुकानाच्या बाजूची अर्धी ओळ मी ठोकलीच नाही. लंबूने माझ्या शब्दावर सही केली. सात आठवड्यांनी ही गेली. खिडकी शेवटपर्यंत उघडी होती. जाळी लागली नाही याचा मला आनंद आहे, आणि मी खोटे बोललो हेही तितकेच खरे आहे. या दोहोंची वजाबाकी मला नऊ वर्षांत जमलेली नाही. लंबूचा यात काडीचाही दोष नाही, हे इथे स्पष्ट लिहितो.

तेव्हापासून रोज सकाळी मी वाकतो आणि अर्धी ओळ ठोकतो. पलीकडे कसे वाजत असेल? टणक? की भद्द? अंथरुणावर पडल्या पडल्या मी ती अर्धी ओळ दोन्ही तऱ्हांनी मनात वाजवून पाहिली आहे. माणसाला मरणानंतर काय, याची उत्सुकता असते म्हणतात. मला बोंडाच्या पलीकडे काय, याची आहे.

कलम ५. पुढच्या तपासणीचा बेत. तपासणी पुढच्या वर्षी आहे. आमच्या सचिवबाई गेल्या आठवड्यात आल्या होत्या. "काका, मागच्यासारखंच फुलाचं तुम्ही एकदा सांगून टाका. म्हणजे पुढची बाजू वाचेल. बाकी तिन्ही बाजूंचं आम्ही बघतो."

मी म्हणालो, "बघतो." आणि दार लावून हे मृत्युपत्र लिहायला बसलो.

कपाटातल्या निळ्या वहीत मी आमच्या अठरा घरांच्या खिडक्यांचा तक्ता केला आहे. कोण कुठल्या खोलीत झोपते, कोण रात्रपाळी करून दिवसा झोपते, कोणाची परीक्षा कधी, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचा पलंग कोणत्या खिडकीशी. वहीचा नियम एकच: कोणत्याही घराच्या सगळ्या खिडक्या एकाच वेळी झाकायच्या नाहीत. एक बाजू पुरी करावी, जाळी उतरवावी, मग दुसरी. काम लांबेल. लांबू द्यावे. नऊ वर्षांपूर्वी चारही बाजूंना एकदम जाळी लावायचे ठरत होते, आणि हा साधा नियम मला तेव्हा सुचला नाही. सुचला असता तर हिचा पलंग मागच्या खोलीत नेऊन मी खरे बोललो असतो. वही सचिवबाईंना द्यावी. अकरा महिने हातात आहेत, तेवढे पुरतात.

इथवर लिहिले आणि साक्षीदार म्हणून मुख्य दाराशी बसणाऱ्या शिंप्याला वर बोलावले. त्यानंतर जे झाले त्यामुळे पुढची कलमे लिहावी लागत आहेत.

शिंप्याचे मशीन बरोबर फुलाखाली असते. मी नऊ वर्षे त्याला सांगत आलो, "अरे, जरा आत सरकून बस." तो म्हणतो, "काका, आत उजेड नाही. काळ्यात काळा दोरा ओवायला तुम्ही याल का?" मी कधी कारण सांगितले नाही. त्यानेही कधी विचारले नाही.

तो आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. "काका, सही कुठे करू? वाचायला लागत नाही ना?"

"लागत नाही," मी म्हणालो, आणि पेन त्याच्या हातात देता देता माझा हात थांबला. हा कागद मी मेल्यावर उघडणार. हा माणूस मात्र उद्या सकाळी नऊला फुलाखाली बसणार. कलम चार मी कपाटात ठेवायला लिहिले होते की त्याच्यासाठी? मी त्याला ते मोठ्याने वाचून दाखवले. हिच्याबद्दलचेही.

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे ती भुकटी त्या फुलाची होय?"

"कसली भुकटी?"

"तुम्ही सकाळी ठोकायला लागलात की टेबलावर पांढरं पडतं. मला वाटलं, काका खिडकी साफ करतात. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून झटकून टाकतो."

"टेबलाच्या कोणत्या बाजूला पडतं? जिन्याच्या की औषधाच्या दुकानाच्या?"

"दुकानाच्या. नेहमी. पहिल्यांदा पिठासारखं यायचं. यंदा तुकडे येतात." आणि त्याने खिशातून पत्र्याची डबी काढली. आत बोटाच्या पेराएवढे, एका अंगाने वळणदार, पांढरे पाच-सहा तुकडे होते. "चांगले असतात हो. खडू आणायचं कामच पडत नाही. तुमच्या त्या राखाडी विजारीच्या रेघा यानेच मारल्या."

मी पायाकडे पाहिले. तीच विजार घातली होती. नऊ वर्षे मी ज्याचा आवाज मनात वाजवत होतो, ते खाली कापडावर रेघा मारत होते. आणि ते सुटत होते ते माझ्या रोजच्या ठोक्यांनी. पाकळ्या मी ठोकून ठोकून त्याच्या डोक्यावर सोडत होतो.

"घाबरलास का?" मी विचारले.

"आता घाबरलो," तो म्हणाला. "तुम्ही जरा आधी सांगायचं होतंत."

त्याच दुपारी मशीन वर आणले. सचिवबाईंनाही सगळे सांगितले; त्यांनी दाराशी दोरी बांधली आणि मागचा जिना सुरू केला. त्या मला एवढेच म्हणाल्या, "काका, मी तुमच्या भरवशावर होते." मी लंबूला फोन लावला.

कलम ६. शिंपी. माझ्या हयातीत आजपासून, आणि माझ्या पश्चात दर्शनी बाजूचे काम पुरे होईपर्यंत, शिंप्याने माझ्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन ठेवावे. पुढे जाळी आली की मागच्या खोलीत जावे. मुलीने त्याला उठवू नये. तिला फोनवर वाचून दाखवले, तर म्हणाली, "बाबा, हलणारा दात रोज हलवून बघायचा नसतो." तिला कबूल आहे.

कलम ७. उरलेली अर्धी ओळ. हे कलम आज सकाळचे. लंबू पाळणा घेऊन आला. मी त्याला सगळे सांगितले. त्याने दोराची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"उस्ताद, तेव्हा मला सांगितलं असतंत तर मी काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंस?"

"माहीत नाही. पण दोघांनी मिळून केलं असतं."

मग तो फुलासमोर आला. मी खिडकीत उभा राहून कविता म्हटली, त्याने हातोडी चालवली, अगदी हलक्या हाताने. बोंडापर्यंत टणक. बोंडाच्या पुढच्या पहिल्याच अक्षराला भद्द. दुसऱ्याला भद्द. ओळ थांबवायची असते, पण मी थांबलो नाही आणि तोही थांबला नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे पोकळ निघाले. म्हणजे असे वाजत होते तर. मी मनात वाजवायचो त्यापेक्षा आवाज खोल होता, घागरीत बोलल्यासारखा. मागे एवढी पोकळी कशी झाली असेल? पाणी कुठून शिरत असेल? फूल उतरवताना मला बोलवावे, मागची भिंत बघायची आहे. मी नसलो तर लंबूने ती बघून ठेवावी.

फूल उद्या उतरवतील. पुन्हा बसवायचे की जागा सपाट ठेवायची, ते अठरा घरांनी ठरवावे. मला त्यात मत नको. उतरलेले तुकडे मात्र शिंप्याचे, खडू म्हणून.

त्याला हे सांगितले तर त्याने विचारले, "मग मी साक्षीदार नाही?"

"नाही. तू घेणारा झालास. घेणाऱ्याने साक्षीची सही करायची नसते."

"तुकड्यांपायी सही गेली," तो म्हणाला आणि मशीन चालू केले.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, स्वतः वाचले, आणि पुढील दोघांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली. वही आणि हातोडी मी आजच हातोहात देऊन टाकली, म्हणून हे दोघे घेणारे नव्हेत.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिली: इमारतीच्या सचिवबाई, निळी वही ताब्यात घेऊन. (सही)

साक्षीदार दुसरा: भिंतींचा तपासनीस, ऊर्फ लंबू, हातोडी ताब्यात घेऊन. पाळण्यातून, उघड्या खिडकीतून हात आत घालून. अक्षरावर बोटाचा पांढरा डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये. (सही)

ठिकाण: तिसरा मजला, पुढची खोली, मशीनशेजारी.

तारीख: सक्तीच्या तपासणीच्या मुदतीला अकरा महिने बाकी, ठोकल्याचा दिवस, सकाळचे दहा.