पडीक माळ

माळवस्ती, ता. भोर
१२ एप्रिल १९९८

चि. माया हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला, राग धरू नकोस. चष्म्याची काडी मोडली होती. शिवाय तू लिहिलेला ‘जीवसंहती’ हा शब्द मी चौथी पास माणूस तीन दिवस वाचत होतो. बर्फाचा मुलूख, वाळवंट, दाट पावसाचं रान, तसाच आपला गवताळ माळही जगातला एक मुलूख आहे, हे तुझ्या आजीला सांगितलं. ती म्हणाली, आमच्या शेरडांना हे कधीचं ठाऊक हाय.

तू कॉलेजसाठी मागितलेली माळावरची यादी केली. कुसळी, पवन्या, मारवेल धरून अकरा गवतं झाली. टिटवीनं उघड्यावर चार अंडी घातलीत. परवा खोकडही दिसलं.

एक बरी बातमी. झाडं लावणाऱ्या खात्याचे साहेब आले होते. माळ पडीक आहे का, असं विचारत होते. वस्तीचे कागद मीच वाचतो, म्हणून मीच सांगितलं, आज्याच्या काळापासून पडीक, नांगर कधी लागला नाही. साहेब खूश झाले. त्यांच्या कागदावर मी वळणदार सही केली. आता माळाला कुणी हात लावणार नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया असू दे.

तुझा आबा,
सावळाराम

पुणे
१७ एप्रिल १९९८

ती. आबांस सविनय जय भीम.

पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. तुमच्या लेखी पडीक म्हणजे नांगर न लागलेली जमीन. त्यांच्या कागदात पडीक म्हणजे निकामी. तिथं खड्डे खणून गिरीपुष्पाची झाडं लावणार आहेत. त्या सावलीत आपलं गवत टिकणार नाही, आणि गवताबरोबर टिटवी, खोकड सगळं जाईल. झाडं चांगलीच, पण माळ हे त्यांचं घर नव्हे.

सही करणाऱ्यानं आपली चूक झाली असं लिहून दिलं तर काम थांबेल, असं आमचे सर म्हणतात. अर्ज सोबत आहे. पंचवीस तारखेच्या ग्रामसभेत द्याच. आबा, लाजू नका. आजीला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवा.

तुमची,
माया

माळवस्ती
१९ जुलै १९९८

चि. माया हिस अनेक आशीर्वाद.

अर्ज दिला, असं मी कार्डावर कळवलं होतं. ते खोटं होतं.

सभेत उभा राहिलो, तर सरपंच म्हणाला, बोला आबा, तुमच्यासारखं वाचलेलं वस्तीत कोण हाय. सगळे माझ्याकडे बघत होते. मला शब्द कळला नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. झाडं लवकर लावा, असं बोलून खाली बसलो. अर्ज खिशातच राहिला.

मे महिन्यात खड्डे झाले. टिटवी दोन दिवस माणसांच्या डोक्यावर ओरडत फिरली. आता रोपं गुडघ्याला लागली आहेत. तुझी आजी शेरडं घेऊन ओढ्यापलीकडं जाते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते.

तू अजून तो अर्ज कुठं अडला म्हणून कचेरीत विचारत असशील. आता जाऊ नकोस. तिथं माझी सही आहे, अर्ज नाही.

हे वाचून काय वाटलं ते लवकर कळव. शिव्या असल्या तरी चालतील, पण पत्र टाक.

तुझा आबा