अडलेला तास

प्रिय बजरंग,

मुखेडहून भीमाशंकर गुरुजींचा आशीर्वाद. हे पोस्टानं कशाला, असं वाटेल तुला. ‘अडलेला तास’ या आपल्या ग्रुपवर दोन-तीनदा लिहायला गेलो, तर खाली एकच ओळ येते : फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतात. ॲडमिन तू. म्हणजे मुखेडपासून लातूरपर्यंतच्या मास्तरांच्या त्या वर्गात आता तू एकटा बोलतोस आणि बाकीच्यांनी अंगठे उमटवायचे. इतकी शांतता मी शाळेत साहेबांच्या तपासणीलाही पाहिली नाही. आणि ज्या प्रकरणापायी ही शांतता केलीस, त्यात आपल्या मुखेडच्या शिक्षिकेची, पंचशीलाची, चौकशी येत्या गुरुवारी इथं आहे. नोकरीवर बेतलंय तिच्या.

आपल्या केंद्राची बैठक आठवते का रे? महिन्याचा शेवटचा शनिवार, शाळेच्या अंगणातलं लिंबाचं झाड, पातेल्यातला गूळ घातलेला चहा. आधी प्रत्येकानं आपला अडलेला तास सांगायचा, मग बाकीचं. तू रेणापूरकडून नवा लागून आलेला. उभा राहिलास आणि म्हणालास, “गुरुजी, भागाकार मला शिकवताच येईना.” मान खाली. कुणी हसलं नाही. सिंधुबाईंनी चिंचोके मागवले, फरशीवर वाटे घातले, आणि तू तिसरीतल्या लेकरासारखा मांडी घालून बसलास. ती गोष्ट फाटकाबाहेर गेली नाही. साहेब विचारायचे, बैठकीत काय झालं? आम्ही म्हणायचो, कविता झाली. ते खोटंही नव्हतं. शेवटी एक कविता मी म्हणायचोच, आणि चहा गार व्हायचा तरी तुम्ही ऐकायचात.

ती बैठक तू मोबाईलवर नेलीस तेव्हा मला लई आनंद झाला होता. लातूरच्या कुण्या बाईंनी दुपारी विचारावं आणि दिवे लागायच्या वेळी मुखेडच्या मास्तरानं उत्तर द्यावं. मी ओट्यावर बसून ते सगळं वाचायचो, पूर्वी मुलांच्या वह्या वाचायचो तसं. वाटायचं, लिंबाची सावली जिल्हा ओलांडून गेली. मग तुझा तो व्हिडिओ आला. विहिरीवरच्या मोटेची कविता, तू लावलेली चाल, टाळ्या, पोरं डुलताहेत. लाखांनी पाहिला. तुला व्याख्यानं मिळाली, शाली मिळाल्या. चाल गोड आहे, मीही गुणगुणलो. पण त्यानंतर ग्रुपवर लोक अडलेलं सांगेनासे झाले आणि चमकलेलं टाकायला लागले. रोज फुगे, रोज रांगोळ्या. एवढी हुशार लेकरं गावोगाव असताना वाचता न येणारी कुठं लपली, कुणास ठाऊक.

एक दिवस तुलाच ते खटकलं असावं. तू लिहिलंस, “ताई-दादांनो, नुसतं यश नको, फसलेलं टाका. इथं कुणी हसणार नाही.” पंचशीलानं ते खरं मानलं. महिनाभर तिनं तुझ्याच चालीत ती कविता घेतली होती. तिनं वर्गातली छोटी चित्रफीत टाकली : चौथीतली साक्षी उभी आहे, पुस्तक उलटं धरलंय, आणि सगळी कविता सुरात म्हणतेय, एक अक्षर न चुकता. खाली लिहिलं, “सर, लेकरं गातेत लई गोड, पण वाचत न्हाईत. माझं कुठं चुकून राहिलंय?” आपली एक अख्खी बैठक पुरली असती या प्रश्नाला.

कुणीतरी ती चित्रफीत फाटकाबाहेर नेली. दुसऱ्या दिवशी ती गावागावांत फिरली, वर मथळा, ‘बघा तुमची शाळा’. मग पंचशीलाला नोटीस : शाळेची बदनामी, मुलीचा चेहरा उघड. चेहऱ्याचं खरंच आहे. त्यासाठी पंचशीला साक्षीच्या घरी जाऊन आईचे हात धरून माफी मागून आली. पण तू? तिचा प्रश्न पुसलास, ग्रुपला कुलूप घातलंस, आणि विचारणा झाली तेव्हा लेखी दिलंस की सदस्यानं स्वतःच्या जबाबदारीवर टाकलं. भ्यालास म्हणावं, तर भीती कुणाला नसते? पण मला वाटतं, तुला ते उलटं पुस्तक टोचलं नाही. चाल तुझी होती, ते टोचलं. पंचशीला परवा येऊन गेली. तुझ्याबद्दल वाकडा शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, “गुरुजी, आता कुणाला काई इचारणार न्हाई.” तुझ्या ग्रुपवर ती एवढं मात्र पक्कं शिकली.

रविवारी लातूरला तुझा सत्कार आहे, ‘शिक्षकांना जोडणारा शिक्षक’ म्हणून. संयोजकांचा फोन आला होता. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर गुरुजींचं पत्र हवंय म्हणे, आठवणी असाव्यात, दोन शब्द हृदयातले असावेत. ते पत्र हेच. त्यांच्या हाती देण्याआधी तुला पाठवतोय, कारण तू माझा विद्यार्थी नसलास तरी माझ्या झाडाखाली बसलेला आहेस. गुरुवारी मुखेडला ये, तिच्याशेजारी उभा राहा आणि एवढंच सांग : ‘फसलेलं टाका’ असं मीच म्हणालो होतो. मग हे फाडून टाक; मी दुसरं लिहून देईन, कवितेसकट. नाही आलास तर काटछाट न करता हेच छापायला देईन. स्मरणिका शुक्रवारी छापखान्यात जाणार आहे म्हणतात.

अजून तरी तुझाच,
भीमाशंकर गुरुजी